थेंब, धोंडा आणि छप्पन्न

हल्ली मावळात कुणाकडे पाळणा हलायची चाहूल लागली, की बाळाच्या आधी तीन अटी घरात येऊन बसतात. नाव दोन अक्षरी हवं. फारच झालं तर तीन चालवून घेऊ. त्याला अर्थ हवा, पण तो सांगितल्याशिवाय कुणाला कळता कामा नये. आणि तिसरी अट सगळ्यात कडक : हे नाव दुसऱ्या कुणाचंच नको. कुणाचंच म्हणजे लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत तर नकोच, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, वहिनीच्या माहेरी नको आणि जमलं तर पृथ्वीच्या पाठीवरच नको.

या तिसऱ्या अटीपायी संस्कृतची विहीर आपण तळापर्यंत उपसली. आधी आरव आणि विहान संपले. मग अंशांचं वाटप सुरू झालं. शिवांश, रुद्रांश, देवांश, रेयांश, अयांश. देवांचे इतके अंश घरोघरी गेले की मूळ देवाकडे आता कितीसा माल उरला असेल याची काळजी वाटते. बालवाडीतल्या बाईंनी घाईत नुसतं 'अंश, खाली बस' म्हटलं तर निम्मा वर्ग बसतो. मुलींकडे आन्वी, आर्वी, आद्या, अन्विता अशी 'अ'ची बाराखडीच लागलेली. कारण काय, तर हजेरीत नाव वर यावं. अशा वेळी पालकांनी सीमा ओलांडायची नाही तर काय करायचं? त्यांनी ओलांडली आणि ते थेट जपानात उतरले.

जपानच का, याला कारण आहे. आमच्या वेळी दहावी झाली की टायपिंगच्या क्लासला घालत, तसं आता पुण्यात आणि आसपास जपानीच्या क्लासला घालतात. त्यांच्या परीक्षाही मोठ्या विनयशील. एन-फाइव्हपासून सुरुवात करायची आणि जसजसं ज्ञान वाढेल तसतसा आकडा कमी होत एन-वनपर्यंत यायचं. तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत जपानी साहेब येतात, भिंतींवर 'कायझेन'च्या पाट्या लागतात, आणि 'गेंबा' म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा हे अंदर मावळातून दुचाकीवर येणारा पोरगाही सांगतो. एक फिटर तर सुट्टीच्या दिवशी भातखाचरावर निघाला की घरी 'जरा गेंबावर जाऊन येतो' असं सांगतो. हे शब्द घरात आले तेव्हा नावं किती दिवस दाराबाहेर थांबणार?

भांगरवाडीतल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा असाच एन-थ्री झालेला. त्याला मुलगी झाली जुलै महिन्यात. लोणावळ्यात जुलैमध्ये जन्म घेणं म्हणजे काय, ते इथल्या बाळंतिणीलाच विचारावं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं हे गाव, आणि त्यातला मोठा वाटा जुलै एकटा उचलतो. दुपटी वाळत नाहीत म्हणून गॅसच्या शेगडीभोवती दोऱ्या बांधलेल्या. मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं. कपाटातल्या कातडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. आणि अशा घरात उभं राहून बापानं मुलीचं नाव जाहीर केलं : शिझुकु.

"म्हणजे?" आजोबांनी विचारलं.

"पाण्याचा थेंब. जपानी आहे. एकदम युनिक."

आजोबांनी खिडकीचं दार ढकललं. बाहेर टाटांच्या धरणावर पडावा तसा पाऊस अंगणात पडत होता. "अरे, हे बघ," ते म्हणाले. "इथं थेंब युनिक आहे?"

पोराची बाजू मांडायची तर नाव खरंच सुंदर आहे. जपानी लिपीत ते एका चिन्हात लिहिता येतं. त्या चिन्हाच्या वरच्या भागाचा अर्थ पाऊस आणि खालच्या भागाचा अर्थ 'खाली'. वर पाऊस, खाली खाली. लोणावळ्याच्या हवेचा याहून थोडक्यात अहवाल वेधशाळेलाही देता आलेला नाही. शिवाय जपानात हे नाव ऐकून कुणी दचकत नाही. १९९५ साली आलेल्या जिब्ली स्टुडिओच्या 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' या चित्रपटातल्या पुस्तकवेड्या नायिकेचं नाव शिझुकुच आहे. म्हणजे तिकडे ते रुळलेलं. दुर्मीळ झालं ते घाट चढून वर आल्यावर.

बारशाला खरा प्रश्न आत्यापुढे होता. नाव कानात सांगायचा मान तिचा, आणि तिला नाव कळलं आदल्या रात्री. कामशेतहून लोकलनं येताना ती तोंडातल्या तोंडात घोकत आली असावी, कारण उतरली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा होता. पाळण्याखालून वरवंट्याची देवाणघेवाण झाली, गोविंद गेला, गोपाळ आला, आत्यानं बाळाच्या कानाशी 'कुर्रऽ' केलं आणि मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा म्हणाली, "शिजू… कु…"

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं, "शिजू कुठं? कधीच शिजल्या! ताटात काढल्यात!"

घुगऱ्यांच्या पातेल्याजवळ बसलेल्या काकूंचं काही चुकलं नाही. भरल्या घरात त्या वेळी शिजण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. आत्याच्या पाठीत धपाटे बसले ते नेहमीपेक्षा जरा जास्तच मनापासून. कोपऱ्यात पवन मावळातून आलेली बाळाची पणजी बसली होती. तिनं शांतपणे अर्थ विचारून घेतला, दोनदा मान हलवली आणि निकाल दिला, "थेंबी म्हणा की सरळ!" जन्मदाखल्यावर आज शिझुकु आहे. घरात, गल्लीत आणि दूधवाल्याच्या वहीत थेंबी आहे.

पणजीचं स्वतःचं नाव धोंडाबाई. मला इथं थोडं थांबायचं आहे, कारण दुर्मीळ नावाचा शोध घेत हे कुटुंब टोकियोपर्यंत गेलं आणि खरं दुर्मीळ नाव कोपऱ्यात घोंगडीवर बसून घुगऱ्या चावत होतं. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, यांतल्या कुठल्याही बालवाडीच्या हजेरीपटावर आज एक धोंडाबाई किंवा एक धोंडू शोधून दाखवा. मी एक किलो चिक्की हरायला तयार आहे.

मावळातल्या जुन्या सातबाऱ्यावर नजर टाकली तर ही सगळी मंडळी ओळीनं भेटतात. धोंडू, दगडू, केरू, चिंधू, भिकू, कोंडू, नथू. यांतल्या एकाही बापाला मुलाचं नाव 'युनिक' नको होतं. त्याला मूल जगायला हवं होतं. आधीची दोन गेलेली असत. मग सटवीला, नजरेला, मरणाला चकवायचं कसं? तर हे पोर मोलाचं नाहीच असं भासवायचं. हा धोंडा आहे, हा केरातून उचललेला, हा भीक मागून आणलेला, हा कोंड्याच्या मोलानं घेतलेला. नथूच्या तर नाकात नथ घालून त्याला मुलगी ठरवत, म्हणजे यमदूत यादी बघून परत जाईल. यमाच्या कचेरीतही कागद बघूनच कामं चालतात, यावर आपल्या पूर्वजांचा गाढ विश्वास होता.

आणि या नावांनी कामं चोख केली. कोंडाजी फर्जंदानं १६७३ साली अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १०४ वर्षं जगले. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेल्या नावाची इतकी वसुली दुसऱ्या कुणी केल्याचं मला माहीत नाही. पुण्यात ज्या गणपतीपुढे आजचे रेयांश आणि आर्वी नवस फेडायला नेले जातात, तो गणपती एका दगडूशेठच्या नावानं ओळखला जातो.

आता गंमत पाहा. एन-थ्री पोराला मी विचारलं, जपानात असलं काही नसेल ना? तो म्हणाला, "छे, तिकडे सगळी निसर्गातली नावं. फुलं, ऋतू, चंद्र." त्याच्या क्लासात बहुतेक फुलांपर्यंतच पोर्शन झाला असावा. कारण जपानचा जवळजवळ सम्राटच म्हणावा असा तोयोतोमी हिदेयोशी, ज्यानं सोळाव्या शतकाच्या शेवटी अख्खा देश एका छत्राखाली आणला, त्याला पन्नाशी उलटल्यावर १५८९ साली मुलगा झाला. त्याचं पाळण्यातलं नाव काय ठेवलं? 'सुते', म्हणजे टाकून दिलेला. ते मूल दोन वर्षांतच गेलं. १५९३ साली दुसरा मुलगा झाला, तेव्हा त्याला रीतीप्रमाणे टाकल्यासारखं केलं, दुसऱ्याकडून उचलवून घेतलं आणि नाव ठेवलं 'हिरोई', म्हणजे वेचून आणलेला. हा आपला केरबाच! एवढ्यावर तो थांबला नाही. मुलाला कुणी आदरानं 'ओ-हिरोई' म्हणू नये, अगदी नोकरचाकरांनीही नुसतं हिरोई म्हणावं, असं त्यानं पत्रात लिहिलं. सोन्याच्या पत्र्यानं मढवलेल्या खोलीत चहा पिणारा हा माणूस आणि पवनेच्या काठचा धोंडूचा बाप, दोघांनी मरणाला तीच थाप मारली. एकमेकांना न विचारता.

जपानी बायकांची जुनी नावं ऐकाल तर फुलांचा भ्रम पुरताच जातो. तोरा म्हणजे वाघ, कुमा म्हणजे अस्वल, कामे म्हणजे कासव, त्सुरु म्हणजे करकोचा. कासव आणि करकोचा ही दीर्घायुष्याची चिन्हं, म्हणजे शतायुषी भव हा आशीर्वाद नावातच घालून टाकलेला. अस्वलाचं कारण एखाद्या कुमा आजीला एकदा पाहिलं असतं तर कळलं असतं. आणि आणखी एक नाव, 'तोमे' : थांब. मुलं फार झाली, आता पुरे, असं वाटलं की पुढच्या मुलीचं नाव तोमे. पाठोपाठ 'सुए', म्हणजे शेवटची.

इथं मात्र हसू जरा आवरतं घ्यावं लागतं, कारण याची मराठी आवृत्ती आपल्या घरची आहे. नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात या नावाच्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. धोंडू हे नाव मुलाला वाचवण्यासाठी होतं. नकुशी हे नाव मुलीला ऐकवण्यासाठी होतं. दोन्ही एकाच यादीत बसवणारे लोक मला पटत नाहीत.

मग धोंडू गेला कुठं? लोक सुशिक्षित झाले, त्यांना लाज वाटू लागली, असं सांगतात. मला वाटतं, धोंडूला घालवलं ते उपकेंद्रातल्या नर्सताईंनी. देवी, घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ यांच्या लशी आल्या, पोरं जगू लागली, आणि यमाला फसवायची गरज उरली नाही. भीती गेली तशी नावंही गेली. आता नवी भीती आली आहे. पोर जगेल याची खात्री आहे, पण ते गर्दीत उठून दिसेल का? म्हणून शिझुकु. पूर्वी मुलाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून नाव ठेवत, आता प्रत्येकाचं जावं म्हणून ठेवतात. दोन्हीकडे आईबाप तेवढेच घाबरलेले.

जपान्यांनी तर उठून दिसण्यातही आपल्याला मागं टाकलं आहे. १९९३ साली टोकियोजवळच्या आकिशिमा गावात एका बापानं मुलाचं नाव 'आकुमा' म्हणजे सैतान असं नोंदवायला दिलं. का, तर एकदा ऐकलं की कुणी विसरणार नाही. नगरपालिका नाही म्हणाली, देशभर वाद झाला आणि शेवटी ते नाव बदलावं लागलं. यामानाशीतल्या एका आईनं मुलाचं नाव 'राजपुत्र' ठेवलं, आणि नुसतं राजपुत्र नाही, पुढे आदराचा 'सामा' जोडून. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं 'श्रीमंत युवराजसाहेब'. हजेरी घेताना मास्तरांनी काय केलं असेल? अहो युवराजसाहेब, गृहपाठ कुठाय? २०१९ साली त्या तरुणानं रीतसर न्यायालयात जाऊन नाव बदलून घेतलं.

शिवाय त्यांची लिपी अशी, की लिहिलेलं नाव वाचता येईलच असं नाही. मुलांच्या नावासाठी सुमारे तीन हजार चिन्हांची सरकारमान्य यादी आहे, पण चिन्ह तेच ठेवून उच्चार कसाही करायची मुभा होती. 'मोठा' आणि 'भरारी' अशी दोन चिन्हं लिहून कुणी हारुतो वाचतो, कुणी हिरोतो, कुणी यामातो. शेवटी २६ मे २०२५ पासून कायदाच बदलला, आणि कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चारही लिहिणं आलं. आपल्याकडे लिहिलं तेच वाचतात, असा अभिमान धरायला हरकत नव्हती. पण थेंबीचं आधार कार्ड हातात आलं तेव्हा त्यावर 'शिजुकु', जन्मदाखल्यावर 'शिझुकु' आणि लसीकरणाच्या कार्डावर 'सिजूकु' असं होतं. तिघी वेगवेगळ्या बहिणी आहेत असं समजून एखाद्या योजनेचा तिप्पट लाभ मिळतो का, याची आजोबा चौकशी करणार होते.

जपानी नावांतलं माझं आवडतं नाव मात्र वेगळंच आहे. दुसऱ्या महायुद्धात पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची योजना आखणारा नौसेनापती यामामोतो. त्याचं नाव इसोरोकु. या भारदस्त नावाचा अर्थ छप्पन्न. १८८४ साली तो जन्मला तेव्हा वडील छप्पन्न वर्षांचे होते, म्हणून ठेवलं छप्पन्न. ना नक्षत्र, ना चरण, ना पुस्तक चाळणं. वडिलांचं वय बघितलं आणि मोकळे झाले. असा साधा सरळ कारभार आपल्याकडे चालला असता तर किती बरं झालं असतं! पण चालला नसता. 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत' असं भांडणात कुणीही म्हणणार, आणि आमचा नौसेनापती दर वेळी 'ओ' देत उठणार.

नक्षत्राचा जाच जपान्यांनाही चुकलेला नाही. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी, ज्यांचा चेहरा १९८४ सालापासून वीसेक वर्षं हजार येनच्या नोटेवर होता, त्यांचं खरं नाव किन्नोसुके. १८६७ साली ज्या दिवशी ते जन्मले तो दिवस असा होता, की त्या दिवशीचं मूल मोठेपणी दरोडेखोर होतं अशी समजूत. उतारा काय, तर नावात 'किन्' म्हणजे सोनं घालायचं. तो उतारा लागू पडला. माणूस नोटेवर गेला, पण कायदेशीर मार्गानं. आपल्याकडचे गुरुजी याहून कडक. आर्द्रा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं कु, घ, ङ, छ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलाच्या बापाला 'ङ'वरून नाव शोधताना मी पाहिलं आहे. त्याची अवस्था बघून दरोडेखोर परवडला असं वाटतं.

परक्या नावांचं मावळाला खरं तर काही नवल नाही. लोणावळा हे नावच लेण्यांच्या आवलीवरून, म्हणजे ओळीवरून, पडलं असं मानतात. त्या लेण्यांत जाऊन वर बघा. हल्ली देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'यांचे स्मरणार्थ' लिहितात, तशी कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर देणगीदारांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट गावचा एक यवन आहे, नाव सिहधय. म्हणजे सिंहध्वज. आणखी एका यवनाचं नाव धम. समुद्रापलीकडून आलेल्या घराण्यातली ही माणसं, पण नावं बघा, पार इथल्या मातीतली. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी लोक घाट चढून आले आणि त्यांनी आपली नावं घेतली. आता आपण त्यांच्याकडची आणतोय. आयात-निर्यातीचा ताळा जुळायला जरा वेळ लागला, इतकंच.

त्याच चैत्यगृहाच्या दारात वैजयंतीच्या एका सेठींचा लेख आहे. हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पुरं केलं, असं त्यात बजावून सांगितलं आहे. त्या सेठींचं नाव भूतपाल. आणि समोरच्या डोंगरात भाज्याच्या लेण्यात एका नांगरणाऱ्याच्या बायकोनं दान दिल्याचा लेख आहे. तिचं नाव बाधा. त्या काळच्या प्राकृतात या नावांचे अर्थ सोज्वळच असणार. पण आज इंद्रायणीच्या या अंगाला भूतपाल आणि त्या अंगाला बाधा म्हटलं, की मळवलीचा माणूस आधी अंगारा मागतो. आणि मला कौतुक तिचंच वाटतं. सेठीनं मोठेपणा लिहून ठेवला, महारठींनी सिंहस्तंभ दिला, राजाच्या जावयांनी गाव दिलं. या बाईजवळ नांगराखालच्या जमिनीतून उरेल तेवढंच असणार. तरी तिनं नाव कोरून घेतलं, आणि ते टिकलं.

नाव टिकण्याचा दुसरा मावळी मार्ग म्हणजे ते लोकांच्या जिभेवर टाकून द्यायचं आणि काय होईल ते बघायचं. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईचे इंग्रज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले. त्यांच्यात जेम्स स्टुअर्ट नावाचा एक धाडसी कप्तान होता. कार्ल्याजवळच्या लढाईत तो पडला, आणि त्याच महिन्यात इंग्रजांना वडगावला हार पत्करून तह करावा लागला. आता शत्रूच्या मेलेल्या कप्तानाचं आपल्याला काय? पण मराठ्यांना त्याचं शौर्य आवडलं. त्यांनी त्याला फाकडा म्हटलं, म्हणजे देखणा, रुबाबदार, मर्द गडी. आपल्या मानाजी शिंद्यांना दिलेली तीच पदवी. आणि 'स्टुअर्ट' जिभेवर बसेना म्हणून त्याला घडवून 'इष्टुर' केला. वडगावात या इष्टुर फाकड्याची समाधी आहे आणि लोक तिला हात जोडतात. स्कॉटलंड-इंग्लंडात स्टुअर्ट पैशाला पासरी मिळतील. इष्टुर फाकडा जगात एकच. खरोखरचं युनिक नाव असं तयार होतं, आणि ते तयार करताना कुणी तीन अटी घातल्या नव्हत्या.

थेंबीच्या बापाला मी हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "काका, पण जपानी नावाचा एक फायदा आहे." फायदा त्यानं सांगितला नाही, पण मला तो दिसतो, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. जपानी नाव बहुधा स्वरात संपतं. मावळात नावाचा खरा उपयोग हाक मारायला होतो : खाचराच्या या बांधावरून त्या बांधावर, धरणाच्या या काठावरून त्या काठावर, आणि तीही पावसात. 'धोंडूऽऽऽ' ही हाक मैलभर जाते, कारण शेवटचा ऊ पाहिजे तेवढा ताणता येतो. 'रेयांश'ला ताणायचं कुठं? शेवटी नुसता श उरतो आणि तो वाऱ्यात फुसकन विरतो. म्हणून तर अशा सगळ्या नावांना आपण 'या' लावतो : रेयांश्या, विहान्या, आरव्या. आईबापांनी महिनाभर खपून शोधलेलं नाव, आणि मित्रांनी शाळेच्या पहिल्याच दिवशी त्याची वासलात लावली. शिझुकु त्या मानानं टिकाऊ आहे. 'शिझुकूऽऽऽ' चांगलं लांब जातं. फक्त संबोधनात मुलीच्या नावाला एकार लावायची आपली सवय आहे, आणि 'ए शिजके' हे कितीही प्रेमानं म्हटलं तरी कुकरमधल्या डाळीसारखं ऐकू येतं. 'शिझुकु-सान' म्हणावं, तर जपानीत जो 'सान' थोरांना लावायचा, तो मराठीत सान-थोरांपैकी सान. पुन्हा तिढा.

शहाणपणा तिकडे गेलेल्यांनी दाखवला आहे. योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निवडून आले, ते 'योगी' एवढंच नाव घेऊन. जपानी मतदाराला मतपत्रिकेवर पुराणिकातला 'णि' लिहायला लावला असता तर अनामत गेली असती. त्यांच्या लिपीत ण नाही, ळ नाही, लोणावळ्याचं तर ते रोनावारा करून टाकतात. दुसऱ्याच्या जिभेला किती काम द्यायचं, हे ज्याला कळलं तो परदेशात सुखी राहतो.

नावाबाबत आणखी एक तपशील सांगतो, तो उपयोगाचा आहे. जपानात मूल जन्मल्यापासून चौदा दिवसांत नावासकट नोंद करावी लागते. आपल्याकडे जन्माची नोंद लगेच होते, पण त्यात नाव घालायला पहिलं वर्षभर काही शुल्क पडत नाही, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पंधरा वर्षं! म्हणजे पोराला मिसरूड फुटेपर्यंत त्याचा स्वभाव बघून नाव ठरवायची सोय सरकारनं करून दिली आहे, आणि आपण बाराव्या दिवशी घाई करतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. हे फार चांगलं झालं. पण त्यामुळे दोन अक्षरी नावाची पहिली अट बाद होते, कारण नाव कितीही छोटं ठेवा, अर्जातले चौकोन संपायचे ते संपतातच.

ज्यांच्या घरी येत्या वर्षात बारसं आहे त्यांना एकच विनंती. जपानी ठेवा, संस्कृत ठेवा, हिंमत असेल तर धोंडाबाई ठेवा. पण दाखल्यावर चढवण्याआधी भर पावसात मळवली स्टेशनच्या एका फलाटावर उभे राहा आणि पलीकडच्या फलाटावरच्या माणसाला त्या नावानं तीन हाका मारा. त्यानं तिसऱ्या हाकेला तरी मान वळवली, तर नाव पक्कं करा. बिनशुल्काची मुदत एक वर्षाची आहे, आणि तेवढ्यात इथं एक पावसाळा नक्की येतो.